अ‍ॅम्बॅसॅडर मार्क २ : १४८९ सीसी इंजिन घरच्या शेडमध्ये बांधलं, त्याच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

गाडी १९७० ची अ‍ॅम्बॅसॅडर मार्क २. इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९ मिमी, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली चालीनं फिरणारा दांडा) तीन मेन बेअरिंगवर. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्यात वर्षानुवर्षं हेच इंजिन बनत होतं, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. सगळेच चांगले मिळतात असं मात्र नाही, ते पुढे येईल.

तक्रार अशी : थंड असताना ऑइल प्रेशर ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), पण इंजिन तापलं की आयडलला ५ वर उतरतं, आणि रेस केली की खालून ठोका येतो. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची काढली की ठोका मऊ पडतो. पहिल्या-चौथ्याला काही फरक नाही. म्हणजे दोन आणि तीन नंबरचे बिग एंड (पिस्टनच्या रॉडचं क्रँकवर बसणारं टोक, तिथलं बेअरिंग) गेलेत.

कॉम्प्रेशन : ११५, ११०, ८०, ११० पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत पाहिलं तर १०५. ऑइलनं आकडा वाढला, म्हणजे तिथे रिंगाही संपल्यात.

"रिंग-पिस्टन, बेअरिंग टाका, दोन दिवसांत गाडी चालू" असा सल्ला मिळाला. तो घेतला नाही. शेजारशेजारचे दोन बिग एंड एकाच वेळी जातात, त्याला कारण असणार. ते सापडेपर्यंत एकही नवा पार्ट विकत घ्यायचा नाही.

१२ ऑक्टोबर

इंजिन बाहेर काढलं, गिअरबॉक्ससकट. बोनेट, रेडिएटर, सेल्फ, डायनॅमो आधी उतरवले. शेडच्या लोखंडी तुळईला चेनपुली लावली होती. तुळईवर विश्वास नसेल तर भाड्याचा तिकाटणा आणा.

गाडीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच डोक्याच्या बोल्टला १३ मिमीचा पाना किंचित सैल बसतो आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे खातो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट आदल्या रात्रीच डिझेल आणि ब्रेक ऑइलच्या मिश्रणात भिजवून ठेवले होते. तरी एक स्टड तुटलाच. तो मशीन शॉपमध्ये निघेल.

१३ ऑक्टोबर

आज कारण सापडलं, म्हणून ही नोंद मोठी.

संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) काढला. गाळ बराच होता, पण जाळी बऱ्यापैकी स्वच्छ. बिग एंडच्या कॅप उघडल्या. पहिल्या आणि चौथ्याचे बेअरिंग शेल राखाडी, थोडे घासलेले, पण चालण्यासारखे. दुसऱ्या-तिसऱ्याच्या शेलवरचा वरचा थर पूर्ण गेलाय, खालचं तांबूस धातू दिसतंय. नखाला खाचा लागतात. मधलं मेन बेअरिंग त्याहून वाईट.

या क्रँकमध्ये मधल्या मेन बेअरिंगमधून ऑइल दुसऱ्या आणि तिसऱ्या बिग एंडला जातं. पुढचं मेन पहिल्याला पुरवतं, मागचं चौथ्याला. म्हणजे दोन बिग एंड आणि मधलं मेन ही तीन वेगळी दुखणी नाहीत. मधल्या मेनलाच ऑइल कमी पोचत होतं.

क्रँक उचलला आणि ब्लॉकमधल्या मधल्या मेनच्या ऑइलच्या भोकात बारीक तार घातली. पुढच्या आणि मागच्या भोकांतून तार सरळ गॅलरीत (ब्लॉकमधली तेलाची मुख्य वाट) गेली. मधल्यात अडली. तारेचं टोक वाकवून ओढल्यावर काळपट, रबरासारखी एक पट्टी बाहेर आली. करंगळीच्या नखाएवढी लांब, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला गोलाई. सिलिकॉनचं गास्केट मेकर. सपाट बाजूवर ओतीव लोखंडाच्या फेसिंगचे ओरखडे जसेच्या तसे उमटलेले होते.

ऑइल पंपाकडून फिल्टरमध्ये, फिल्टरमधून गॅलरीत आणि तिथून बेअरिंगकडे जातं. संपच्या कडेचं सिलिकॉन सुटलं असतं तर ते जाळीत किंवा फिल्टरमध्ये अडकलं असतं. हा तुकडा फिल्टरच्या पलीकडचा असायला हवा. फिल्टरचं हेड ब्लॉकवरून सोडलं तेव्हा खात्री पटली. कागदी गास्केट नव्हतंच. पूर्वी कुणीतरी तिथे सिलिकॉन चोपडलं होतं, आणि आतल्या बाजूला ओघळलेल्या कडेचा एक भाग तुटून गेलेला स्पष्ट दिसत होता. बाहेरून तो जोड अगदी कोरडा होता. गळती थांबली म्हणून काम झालं असं बघणाऱ्याला वाटलं असणार.

दाबाखालच्या ऑइलच्या जोडावर सिलिकॉन लावू नका. कागदी गास्केट, त्याच्या दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात, आणि फेस स्वच्छ. एवढं पुरतं.

१९ ऑक्टोबर

मोजमाप. सिलिंडरची झीज बोअर गेजनं पाहिली. वरच्या रिंगच्या जागी तिसरा ७ थाऊ झिजलेला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), बाकीचे ४ ते ५. नुसत्या नव्या रिंगा टाकून हे चालणार नाही, बोअर करावं लागेल. ब्लॉकवर आधीची साइज स्टँडर्ड, म्हणजे २० थाऊ ओव्हरसाइझला भरपूर वाव आहे आणि स्लीव्हची गरज नाही.

क्रँकच्या दोन-तीन नंबरच्या पिनांवर खाचा आणि लंबगोलपणा. १० थाऊ ग्राइंड करून खाचा निघणार नाहीत, २० करावं लागेल.

कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एका लोबचं, म्हणजे उंचवट्याचं, टोक चपटं झालंय आणि त्याच्या टॅपेटच्या (लोबवर टेकून वर ढकलला जाणारा तुकडा) तोंडाला खड्डे. कॅम नवा, टॅपेट आठही नवे. जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवायचे नसतात, दोन्ही एकमेकांसोबत घासून बसतात.

मशीन शॉपच्या काकांना ब्लॉक दाखवला. ते म्हणाले, "आधी पिस्टन घेऊन या, मग बोअरला हात लावतो." बरोबर आहे. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं त्याचा बोअर करायचा. डब्यावरचा २० चा आकडा वाचून बोअर केला आणि पिस्टन एका थाऊनं लहान निघाला तर तो बोअर वाया.

९ नोव्हेंबर

पिस्टन यायला वेळ लागला. दिवाळीही मध्ये आली. तोवर ब्लॉकची सफाई केली.

गॅलरीच्या दोन्ही टोकांचे प्लग काढलेच पाहिजेत. ते निघत नाहीत म्हणून लोक तसेच ठेवून ब्लॉक धुतात, आणि मग घाण त्या टोकांशीच बसून राहते. गॅस टॉर्चनं भोवतालचं लोखंड तापवलं, प्लगच्या खाचेला मेण लावलं, आणि दोन्ही निघाले. लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. गॅलरीच्या एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकानं पाहिलं. उजेडाचं गोल कडेपर्यंत स्वच्छ दिसेपर्यंत हेच चाललं.

पाण्याच्या बाजूचे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढले तर चौथ्या सिलिंडरच्या मागे गंजाचा गाळ दाबून भरलेला. मागचा सिलिंडर गरम होण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, आणि लोक रेडिएटर बदलत बसतात. बोअरला पाठवण्याआधी हा गाळ काढा.

१६ नोव्हेंबर

हेडचं काम (सिलिंडरांवरचा भाग, व्हॉल्व्ह यात असतात). एक्झॉस्टच्या सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) कडक धातूच्या बसवून घेतल्या. हे हेड शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातलं. शिशाचा थर सीटला जपायचा. आपल्याकडे २००० सालापासून ते पेट्रोल बंद झालं, आणि ओतीव लोखंडाच्या उघड्या सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतत जातो. टॅपेटची फट सारखी कमी होत असेल तर हेच समजा. इनलेटला गरज नाही.

गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) नवे टाकले. व्हॉल्व्ह घरी लॅप केले, म्हणजे पेस्ट लावून सीटवर घासून बसवले. पेस्ट पुसून सीटवर ४५ अंशाच्या तोंडाला सलग राखाडी पट्टा दिसला पाहिजे, कुठेही तुटक नको. मग हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओतलं आणि पोर्टमध्ये ओल येते का पाहिलं. दोन नंबरच्या एक्झॉस्टला आली. परत लॅप केल्यावर थांबली.

सगळ्या खर्चात मशीन शॉपचा वाटा सगळ्यात मोठा, पिस्टन-रिंगांपेक्षाही जास्त. आणि त्यात हेडचं काम क्रँकहून महाग पडलं. बजेट काढताना हे धरा.

२४ नोव्हेंबर

ब्लॉक आणि क्रँक परत आले. बोअर उत्तम : चारही सिलिंडर वरपासून खालपर्यंत अर्ध्या थाऊच्या आत, होनिंगच्या तिरक्या रेघा स्वच्छ.

क्रँकची मापंही बरोबर, पण "धुऊन दिलाय" म्हणून सांगितलेल्या क्रँकच्या ऑइलच्या भोकात पांढरं कापड तारेनं ओढलं तर ते करडं झालं. ग्राइंडिंगची भुकटी. ही थेट नव्या बेअरिंगमध्ये गेली असती. शिवाय भोकांच्या कडा सुरीसारख्या धारदार होत्या. कडा बारीक तेलदगडानं हातानं मोडल्या, भोकं ब्रशनं धुतली, कापड पांढरं निघेपर्यंत. मशीन शॉप कितीही चांगलं असो, धुणं आपलं आपणच करायचं.

१ डिसेंबर

क्रँक बसवला. प्लास्टिगेजनं (दाबून चपटी होणारी प्लास्टिकची तार, तिच्या रुंदीवरून फट कळते) मेन बेअरिंगची फट : पुढे दीड थाऊ, मध्ये २, मागे दीड. छान. तिसऱ्या बिग एंडला मात्र पाऊण थाऊ. शेल बदलून पाहिला, तेच. कॅप आणि रॉड उजेडात तिरके धरून पाहिले तेव्हा शेलच्या जिभेच्या खाचेच्या कडेला केसाएवढी धार उभी दिसली, शेल तिथे उचलला जात होता. दगडाचे दोन हलके हात मारले आणि फट दीडवर आली. फट कमी आली म्हणून पिन पॉलिश करायला धावू नका, शेलच्या पाठीमागे काय आहे ते आधी बघा.

थ्रस्ट वॉशर (क्रँकची पुढे-मागे चाल रोखणारे) मधल्या मेनच्या दोन्ही बाजूंना. तेलाच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे. डायल गेजवर क्रँकची पुढे-मागे चाल ३ थाऊ.

या इंजिनाला मागच्या मेनवर रबरी ऑइल सील नाही. क्रँकवरची उलटी आट्यांची खाच तेल परत आत ढकलते, एवढाच बंदोबस्त. त्यामुळे मागून थेंब पडला की सगळे म्हणतात सील गेलं, आणि ते शोधत बसतात.

७ डिसेंबर

रिंगा. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून, टोकांमधली फट फिलर गेजनं मोजली. या बोअरला ८ ते १२ थाऊ हवी. बहुतेक ९-१० होत्या, चौथ्याची वरची रिंग मात्र ५. ही तशीच घातली असती तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडून रिंग तुटली असती. बारीक कानसीनं एकाच दिशेनं, बाहेरून आत घासून ९ केली.

पिस्टन वरून उतरवले. रॉडचं मोठं टोक तिरकं कापलेलं आहे, म्हणून ते बोअरमधून जातं. उतरवताना रॉडचं टोक पिनवर आपटू देऊ नका, नाहीतर नुकत्या ग्राइंड केलेल्या पिनवर ओरखडा पडतो. एकेक पिस्टन बसवल्यावर क्रँक हातानं फिरवून पाहिला. चौथ्यानंतर घट्टपणा वाढला, पण सगळीकडे सारखा. कुठे अडकत नाही.

१५ डिसेंबर

इथे आठवडाभर गेला.

नव्या टॅपेटचं तोंड अगदी किंचित फुगीर असतं. कॅमचा लोबही थोडा उतरता घासलेला असतो. त्या दोन्हींमुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि सगळीकडून सारखा झिजतो. फिरला नाही तर कॅम थोड्याच वेळात खलास. एका टॅपेटचं तोंड दुसऱ्याच्या कडेवर ठेवून उजेडात पाहिलं. फुगीर असेल तर मधे टेकतो आणि दोन्ही कडांना उजेड दिसतो. आठपैकी दोन सपाट निघाले. संच परत केला, दुसरा मागवला, तोही तसाच तपासला. तो बरा निघाला.

बी-सीरिजला बाजूला टॅपेटची दोन झाकणं आहेत, ती इथे उपयोगी पडली. हेड बसवल्यावर झाकणं उघडीच ठेवली, प्रत्येक टॅपेटच्या कडेला मार्करनं रेघ मारली आणि क्रँक पान्यानं सावकाश फिरवला. आठही रेघा सरकत गेल्या. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढच्या कामाला हात लागला.

टायमिंग चेन बसवताना दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर. दोन्ही चाकं एका पातळीत आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहिलं, क्रँकच्या चाकामागे एक शिम वाढवावी लागली. पुढच्या झाकणाचे बोल्ट ढिले ठेवून आधी पुली आत घातली, म्हणजे सील पुलीच्या मधोमध बसतं, मग बोल्ट आवळले. उलट क्रमानं केलं तर सील एका बाजूला दाबलं जातं आणि गळतं.

हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमानं, तीन टप्प्यांत. टॅपेट सेटिंगला नऊचा नियम : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला, सहावा उघडा असताना तिसरा, बेरीज नेहमी नऊ. फट १५ थाऊ.

२२ डिसेंबर

इंजिन गाडीत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचं डायफ्रॅम बदललं. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि त्याचे कण एसयू कार्बोरेटरच्या निडल व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (त्यातल्या पिस्टनची हालचाल मंद करणारी तेलाची कुपी) ऑइल भरलं.

प्लग काढून सेल्फ मारला, ऑइल प्रेशर यावं म्हणून. काटा हलला नाही. थोडं थांबून परत. तेच.

इथे सेल्फ मारत राहायचं नाही. कॅमवर लावलेली काळी मॉलिब्डेनमची पेस्ट दर फेऱ्याला पुसली जाते, आणि ती पहिल्या स्टार्टसाठी राखायची आहे. प्रेशर गेजच्या नळीचा जोड ब्लॉकवरून सोडला आणि तिथून ऑइलच्या कुप्पीनं गॅलरीत ऑइल भरलं. ते उलटं पंपापर्यंत पोचलं. जोड घट्ट करून सेल्फ मारला आणि काटा थरथरत ४० वर गेला.

कारण : पंप बसवल्यापासून बरेच दिवस गेले होते आणि त्याला लावलेलं साधं ऑइल ओघळून गेलं होतं. कोरडा पंप तेल खेचत नाही. पंप बसवतानाच त्यात व्हॅसलीन भरलं असतं तर हा घोळ टळला असता. व्हॅसलीन ओघळत नाही आणि गरम तेलात विरघळून जातं.

२३ डिसेंबर

स्टार्ट होईना. एकदा फटकन पेटून बंद. कार्बोरेटरमधून मागे फुसकारा नाही, म्हणजे टायमिंग जागेवर आहे. १-३-४-२ क्रम, रोटरची दिशा, सगळं तपासलेलं. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून पाहिला तर ठिणगी पिवळट आणि अशक्त, आणि पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधला उघड-बंद होणारा स्विच) टोकांमध्ये निळसर चमचम. पॉइंटवर अशी चमचम म्हणजे कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग) खराब. तो नवाच होता. डब्यात ठेवलेला जुना काढून लावला आणि ठिणगी निळी, कडाक्याची झाली.

नवा पार्ट आधी तपासायचा, आणि ठिणगीची परीक्षा इंजिन गाडीत घालण्याआधी बाकावरच करायची. सेल्फचे ते सगळे फेरे नव्या कॅमवर झाले.

२४ डिसेंबर

सकाळी प्रेशर परत पाहिलं, मग प्लग लावले. चोक ओढला, सेल्फ दिला आणि लगेच पकडलं.

पहिली २० मिनिटं २००० आरपीएमच्या खाली आणायचं नाही, आयडल तर अजिबात नाही. आयडलला कॅमवर तेल कमी उडतं आणि लोबवरचा दाब सर्वांत जास्त असतो. म्हणून रेडिएटर, पाणी, नळ्यांचे क्लिप आधीच दोनदा तपासून ठेवले होते. समोर टेबलफॅन, हाताशी पाण्याची बादली आणि अग्निशामक. मुलगा गेजपाशी बसला आणि दर मिनिटाला आकडा ओरडून सांगत होता. ५५, ५५, ५४. एक्झॉस्टवरून धूर भरपूर निघाला, पण तो हाताच्या तेलाचा आणि रंगाचा. थोड्या वेळानं विरला.

मागच्या टॅपेट झाकणाखालून तेलाची ओली रेघ आली. इंजिन बंद केलं नाही. एवढ्या गळतीनं काही बिघडत नाही, वीस मिनिटं मधे तोडली तर बिघडतं.

२५ डिसेंबर

झाकण काढलं. कॉर्कचं गास्केट मधल्या बोल्टापाशी चिरडलेलं आणि टोकांना सैल. पत्र्याचं झाकण मधे खोलगट झालं होतं, जुन्या आवळण्यानं. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं सरळ केलं, नवं कॉर्क बसवलं, बोल्ट फक्त कॉर्क दबेपर्यंत. शेजारी म्हणाले, सिलिकॉन लाव की. तो तुकडा डबीत ठेवलाय, तो त्यांना दाखवला.

थंड इंजिनावर हेडचे नट परत मॅन्युअलच्या आकड्याला तपासले, तीन नट थोडे फिरले. टॅपेटची फट परत सेट केली.

ऑइल बदललं, फिल्टरचं एलिमेंट कापून घड्या उघडून पाहिल्या. पेस्टचा काळपटपणा आणि अगदी बारीक राखाडी चमक, चुंबकाला चिकटणारी. ती रिंगा-कॅमची, नव्या इंजिनात येतेच. तांबूस कण एकही नाही. म्हणजे बेअरिंग ठीक.

१९ जानेवारी २०२५

२०० किमी झाले. गरम इंजिन, आयडलला २२ पीएसआय, ५० च्या वेगाला ५०. कॉम्प्रेशन १४०, १३८, १४०, १३७. ठोका नाही. रिंगा बसण्यासाठी चढावर मधूनमधून लोड देतोय. एकाच वेगानं हळू चालवत राहिलं तर रिंगा नीट बसत नाहीत.

मागून दोन-तीन थेंब पडतात. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (आतला दाब बाहेर सोडणारी नळी) साफ केल्यावर कमी झाले, कारण आतला दाब वाढला की ती आट्यांची खाच हरते. हे एवढं चालवून घेणार आहे.

उरलेली कामं : रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात तो दांडा) झिजलाय, टॅपेट सेट करूनही पुढच्या दोघांचा खटखटाट जात नाही. शाफ्ट आणि बुश मागवलेत. ५०० किमीला ऑइल पुन्हा बदलायचं आणि फिल्टर पुन्हा कापायचा.